पाटाकडचा पर्यायी रस्ता

रविवारी दुपारी चार वाजता मंजुषा कोरडेमळ्यात पोचली, तेव्हा टेम्पोतून पिवळे-काळे बॅरिकेड उतरवणं चालू होतं. खरं तर तिनं यायची गरज नव्हती. आराखडा मंजूर झाला होता, वाहतूक वळवण्याची सूचना दोन दिवसांपूर्वी पेपरात आली होती, आणि सोमवारी सकाळी सहापासून ती अमलात येणार होती. पण आपण कागदावर ओढलेली रेघ पहिल्यांदाच जमिनीवर उतरतेय, ती डोळ्यांनी बघावी म्हणून ती स्कूटी काढून आली होती.

कोरडेमळा हा नाशिक रोडवरून एकलहऱ्याकडे जाताना लागणारा भाग. दहा वर्षांपूर्वी इथे टोमॅटो, कोथिंबीर आणि फुलं होती. आता चौदा सोसायट्या उभ्या होत्या, आणखी सहांचे सांगाडे वर चढत होते, आणि या सगळ्यांना बाहेर पडायला पाटावरचा एकच अरुंद पूल होता. सकाळी नऊला त्या पुलावर चाळीस-चाळीस मिनिटं गाड्या अडकायच्या. मंजुषा रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका खासगी कंपनीत होती. कोरडेमळ्याच्या नव्या रस्त्यांचं जाळं गेले आठ महिने तिच्या लॅपटॉपवर होतं. एक मोठा पूल, दोन जोडरस्ते, चार चौक. पहिली पायरी म्हणजे जुना पूल पाडून रुंद करणं. त्याला तीन महिने लागणार होते, आणि तेवढे दिवस सगळी वाहतूक पाटाच्या कडेनं जाऊन पुढे मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या कच्च्या वाटेवरून सोडायची होती.

ती त्या वाटेवरून चालत निघाली. वाट साडेबारा फुटांची. ती तिनं स्वतः टेप लावून मोजली होती. एका बाजूला शेतांची कुंपणं, दुसऱ्या बाजूला पाट. पाटाला कठडा नव्हता. आज पाणी सोडलेलं होतं. सिमेंटच्या उतारावर हिरवं शेवाळ चिकटलं होतं आणि त्याच्या खालून पाणी आवाज न करता, पण चांगलंच जोरात चाललं होतं. मे महिन्यात मोजणीला आली होती तेव्हा पाट कोरडा होता.

गुलछडीच्या वावराजवळ नवसाबाई आणि तिचा नवरा चिमाजी उद्याच्या बाजारासाठी फुलांचे क्रेट धुवत बसले होते. मंजुषा त्यांना मोजणीच्या वेळेपासून ओळखत होती. नवसाबाईनं तिला दोनदा चहा पाजला होता.

"या ताई," नवसाबाई म्हणाली. "उद्यापासनं समद्या गाड्या इकडून व्हय?"

"हो मावशी. तीनच महिने. मग पूल मोठा होईल."

"हायवापण?"

"हायवापण." खडी आणि मुरूम वाहणारे ते दहाचाकी डंपर. पुलाच्या कामालाच ते लागणार होते.

नवसाबाईनं हातातला क्रेट खाली ठेवला. "मग पोरं कुठून जायची?"

"कुठली पोरं?"

"शाळेची. उद्या शाळा उघडती ना. तिकडच्या वस्तीवरची, मळ्यातली, समदी याच वाटेनं जात्यात. लय पोरं असत्यात, ताई. सायकली, पायी. सकाळी तर रांग लागती."

मंजुषानं वळून वाटेकडे बघितलं.

मोजणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. कॅमेरे तेव्हाच मिळाले होते. सकाळच्या दोन तासांत या वाटेवरून पायी आणि सायकलवर गेलेली माणसं होती त्रेचाळीस. तिनं त्याखाली बारीक अक्षरांत टीप टाकली होती: शाळांना सुट्टी, जूनमध्ये पुन्हा मोजणी आवश्यक. मग कुंभमेळ्याच्या कामांची घाई सुरू झाली, अहवाल चाळीस पानांत बसवा म्हणून सांगण्यात आलं, आणि तिनं टिपा काढून टाकल्या. कुणी तसं करायला लावलं नव्हतं. तिच्याच बोटांनी ती ओळ पुसली होती. त्रेचाळीस हा आकडा तेवढा उरला, आणि त्या आकड्यावर वाट सुरक्षित ठरली.

हायवाची रुंदी आठ फूट. साडेबारातून आठ गेले की साडेचार. त्यातला कुंपणाकडचा एखादा फूट सोडला, तर मुलांना साडेतीन फूट. पाटाच्या बाजूनं.

"ताई, पाणी देऊ का?" चिमाजीनं विचारलं. "चेहरा पांढरा पडला तुमचा."

तिनं मान हलवली आणि स्कूटीकडे जवळजवळ पळतच गेली.

ज्ञानेश सर तिचे वरिष्ठ. पंधरा वर्षं या कामात मुरलेला, शांत माणूस. तिनं स्कूटीला टेकूनच त्यांना फोन लावला.

"सर, कोरडेमळ्याचं डायव्हर्जन एक आठवडा पुढे ढकलता येईल का?"

"का?"

"शाळा उद्या उघडतेय. मुलं त्या वाटेनं जातात."

"मग? पहिले दोन दिवस बघू. जास्त वाटलं तर दोन ट्रॅफिक वॉर्डन मागू. मंजुषा, पोलिसांचा आदेश निघालाय. ठेकेदाराची मशिनं आलीत. रविवारी संध्याकाळी कुणाला सांगू मी?"

हीच वेळ होती सांगायची. सर, मी मोजलंच नाही. टीप होती, ती मी काढली. वाक्य घशापर्यंत आलं. पण त्या वाक्याच्या पलीकडे तिला नोकरी दिसली, कंपनीचं नाव दिसलं, आणि सगळ्यांसमोर उभी असलेली ती स्वतः दिसली.

"ठीक आहे सर," ती म्हणाली. "मी सकाळी तिथे थांबते."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. आईनं दोनदा विचारलं, बरं नाही का? तिनं ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

सोमवारी पावणेसहाला ती कोरडेमळ्यात होती. पुलावर बॅरिकेड लागले होते, बाण दाखवणारा फलक उभा होता. बरोबर सहाला पहिली गाडी वळली, दुधाचा टेम्पो. मग मोटारसायकली, मग एक रिकामी स्कूलबस, मग पहिला हायवा. तो गेला तेव्हा वाटेवरची धूळ उठली आणि पाटाच्या कडेची माती थरथरली. ते तिला बुटांच्या तळव्यांतून कळलं.

सव्वासहापर्यंत एकही मूल नव्हतं. तिला वाटलं, पहिला दिवस आहे, कदाचित फार येणार नाहीत. नवसाबाईनं वाढवून सांगितलं असेल.

साडेसहाला मुलं आली. आधी तिघी मुली, नव्या गणवेशात, हातात हात घालून. मग सायकलींची एक टोळी. मग पायी येणारी, लहान भावंडांना ओढत आणणारी, डबे हलवत येणारी. वाटेच्या वळणापर्यंत नजर जात होती तिथपर्यंत मुलंच दिसत होती. मंजुषानं सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि शंभरावर गेल्यावर मोजणं सोडलं.

"कडेनं नका चालू! कुंपणाकडून चला, कुंपणाकडून!" ती ओरडत पळू लागली. मुलं तिच्याकडे बघून हसली. कुंपणाकडून हायवा जात होते. मग मुलांनी जायचं कुठून?

दोन हायवा पाठोपाठ आले. मुलं आपोआप एका ओळीत झाली, पाटाच्या कडेला. पहिला गेला. दुसऱ्यासमोर उलट्या बाजूनं एक स्कूल रिक्षा घुसली आणि हायवाच्या ड्रायव्हरनं तिला वाट द्यायला स्टेअरिंग पाटाकडे घेतलं. जेमतेम हातभर. पुढची मुलं थांबली, मागची त्यांच्यावर आदळली. एक सायकल तिरकी झाली. चाक मातीवरून सुटून सिमेंटवर गेलं, शेवाळावर गेलं, आणि सायकलीबरोबर मुलगीही खाली गेली.

ओरडलं कुणीच नाही. निदान मंजुषाला तरी ऐकू आलं नाही. तिला नुसती पाण्यात उलटी झालेली सायकल दिसली, लाल रंगाची, आणि ती वाहत निघालेली.

मुलगी वाहत नव्हती. उताराच्या मधोमध चिमाजीच्या मोटरीचा काळा पाइप पाण्यात सोडलेला होता. तिनं त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. कमरेपर्यंत पाण्यात, दप्तर पाठीवर, दप्तर पाण्यानं फुगून तिला मागे ओढतंय.

"दप्तर सोड! दप्तर काढ!" कुणीतरी ओरडत होतं. मंजुषाला नंतर कळलं की तो तिचाच आवाज होता.

चिमाजी वावरातून पळत आला. त्याच्या हातात बैलाचं दावं होतं. त्यानं ते खाली टाकलं. दोरीचं टोक मुलीच्या खांद्यावर पडलं, तरी तिनं पाइप सोडला नाही.

"पोरी, दोरी धर!"

मुलीनं डोळे घट्ट मिटून मान हलवली. हात सोडला की आपण जाणार, एवढंच तिला कळत होतं. आणि पाइप सांध्यापाशी हळूहळू निसटत होता.

मंजुषानं दावं वर ओढून स्वतःच्या कमरेला बांधलं. ते तिनं कसं केलं, गाठ कशी मारली, हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. "धरा," एवढंच ती म्हणाली. एकट्या चिमाजीची ताकद पुरणार नव्हती. हायवाचा ड्रायव्हर उडी मारून खाली आला होता, त्यानं दोरीचं मागचं टोक हाताला गुंडाळलं.

ती पोटावर झोपून खाली सरकली. शेवाळावर पाय टेकतच नव्हते. पाणी गुडघ्यांना लागलं तेव्हा त्याचा जोर समजला आणि ती अशी घाबरली की तिला वर चढावंसं वाटलं. खरंच वाटलं. क्षणभर तिनं वर बघितलंही. मग हात लांब करून मुलीची कॉलर पकडली.

"नाव काय तुझं?"

मुलीनं पाइप आणखी घट्ट धरला.

"मी धरलंय तुला. नाव सांग."

"सरिता."

"सरिता, मी तुला सोडणार नाही. आधी डावा हात सोड. माझ्या गळ्यात टाक."

मुलीनं हात सोडला आणि मंजुषाच्या मानेला असा विळखा घातला की तिचा श्वास कोंडला. वरून दोघांनी ओढलं. सिमेंटवर कोपरं सोलली, गुडघे सोलले. मातीवर आल्यावर मुलगी थरथर कापत होती. तिच्या हाताची बोटं मंजुषाच्या कुडत्यात रुतली होती, ती एकेक करून सोडवावी लागली.

नवसाबाईनं तिला गोधडीत गुंडाळलं. हायवाचा ड्रायव्हर बाजूला रस्त्यावर बसून राहिला होता. चाळिशीचा, मनमाडकडचा माणूस. "माझी पण एवढीच हाय घरी," तो सारखा तेच म्हणत होता.

मागून हॉर्न सुरू झाले. पुढे काय झालं ते मागच्या गाड्यांना माहीत नव्हतं. कामावर जायची वेळ, आणि ओळ वळणापर्यंत गेलेली. मुलं अजून येतच होती. एक वाहतूक हवालदार मोटारसायकलवरून आला, गोधडीतल्या मुलीला बघून थबकला, पण लगेच म्हणाला, "जीव वाचला ना? मग आधी रस्ता मोकळा करा. मागं पार चौकापर्यंत जाम आहे."

"नाही," मंजुषा म्हणाली. "गाड्या सोडू नका."

"मॅडम, तुम्ही कोण?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ज्ञानेश सर. कुणीतरी त्यांना कळवलं होतं.

"मुलगी बरी आहे ना? देवाची कृपा. ऐक, मी निघालोय. मी येईपर्यंत तिथं कुणाशी काही बोलू नकोस. मोजणीचा विषय तर अजिबात काढू नकोस. समजलं?"

त्यांना माहीत होतं. कदाचित पहिल्यापासून माहीत होतं. तिनं फोन बंद केला. हवालदार उत्तराची वाट बघत होता.

"या रस्त्याचा आराखडा मी केलाय," ती म्हणाली. "मुलांची मोजणी केलीच नव्हती. सुट्टीत मोजलं आणि तसंच पुढे रेटलं. चूक माझी आहे. इथून आता एक जरी गाडी गेली तरी पुन्हा हेच होईल."

हवालदारानं तिच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. "मला वरून आदेश आहे. तुम्ही म्हणता म्हणून मी कसा बंद करू?"

नवसाबाई उठली. तिनं फुलांचे क्रेट एकेक करून रस्त्यावर आडवे मांडले, या कुंपणापासून त्या कडेपर्यंत. गुलछडीचा वास त्या धुळीतही येत होता. मग ती मधल्या क्रेटवर बसली.

"साहेब, आता करा बंद," ती म्हणाली. "म्हणा, एका बाईनं रस्ता अडवला. माझं नाव लिहा. नवसाबाई चिमाजी."

हायवाचा ड्रायव्हर उठला, गाडीत चढला, आणि इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली.

साडेनऊ वाजेपर्यंत वाट बंद राहिली. सगळी मुलं शाळेत पोचली. तोवर ज्ञानेश सर आले, पोलीस निरीक्षक आले, ठेकेदाराचा माणूस आला. सोसायट्यांतली माणसं कामाला उशीर झाला म्हणून भांडत होती. एक जण मंजुषाच्या तोंडावर म्हणाला, "तुम्हा लोकांना पगार कशाचा मिळतो?" दुपारी बैठक झाली. तिथं तिनं सगळं पुन्हा सांगितलं, टिपेसकट. ज्ञानेश सर खाली बघत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "अहवालावर सही माझी आहे. टीप पहिल्या मसुद्यात मी वाचली होती."

ते असं बोलतील असं तिला वाटलं नव्हतं.

अवजड वाहनं त्या वाटेवरून कायमची बंद झाली. हायवांना नऊ किलोमीटरचा वळसा पडला. जुना पूल हलक्या गाड्यांना पुन्हा उघडला आणि पुलाचं काम थांबलं, कारण आधी मुलांसाठी पाटावर लोखंडी पादचारी पूल आणि कडेला कठडा करायचं ठरलं. त्यामुळे सगळंच लांबलं. पावसाळा संपेपर्यंत काही सुरू होणार नव्हतं, आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंजुषाचं नाव घेऊन लोक शिव्या घालत होते. तिला कोरडेमळ्याच्या कामावरून काढलं. नोकरी राहिली, पण तिच्याकडे आता दुसऱ्यांचे नकाशे तपासायचं काम होतं. ज्ञानेश सरांची बदली पुण्याच्या ऑफिसला झाली.

सरिता पुढचे आठ दिवस शाळेत गेली नाही, हे मंजुषाला नवसाबाईकडून कळलं. नवव्या दिवशी मंजुषा बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत गेली. सरिताची आई भागीबाई पेठ तालुक्याकडची. चार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे कामाला आली होती. पत्र्याच्या खोलीसमोर ती तांदूळ निवडत होती. तिनं मंजुषाला ओळखलं, आणि बसायला लाकडी पाट पुढे केला.

"ती वाटेपर्यंत जाते," भागीबाई म्हणाली. "पाणी दिसलं की उभी राहते. पाय उचलतच नाही. मग परत येते."

सरिता दारात उभी होती. गणवेशात. दप्तर नवं होतं.

"ताई, त्यो कठडा कधी होणार?" भागीबाईनं विचारलं.

पूर्वी मंजुषानं सांगितलं असतं, लवकरच. तिनं ओठांवर आलेला तो शब्द गिळला.

"दिवाळीच्या आधी नाही होणार. कदाचित त्याच्याही नंतर होईल. आता ते माझ्या हातात नाही."

"मग तोवर?"

मंजुषाला त्या वाटेचं नाव काढलं तरी अजून घाम फुटायचा. तेव्हाही फुटला. ती उठली, सरितापाशी गेली.

"मला पण भीती वाटते तिथून जायची," ती म्हणाली. "खरंच. आज आपण दोघी जाऊन बघायचं का? नाही जमलं तर परत येऊ."

सरितानं आईकडे बघितलं. भागीबाईनं तांदळाचं सूप बाजूला सारलं, पदर खोचला आणि पायात चप्पल घातली. तिघी निघाल्या. वाट जिथं पाटाला लागते तिथं सरिता थांबली. खाली पाणी तसंच चाललं होतं, गुपचूप, भरभर. मंजुषा तिच्या आणि पाण्याच्या मध्ये आली. तिचे स्वतःचे गुडघे हलत होते. ते मुलीला जाणवलं असावं, कारण तिनं वर बघितलं आणि मंजुषाचा हात आधीपेक्षा घट्ट धरला.

मग तिनं एक पाऊल टाकलं. थांबली. दुसरं टाकलं.

शाळेपर्यंत नऊशे मीटर होते. त्या दिवशी त्यांना पाऊण तास लागला.